आधी गारठा, मग अळी: थंडी सोसलेल्या टोमॅटोची किडीविरुद्धची ताकद कशी तपासावी

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की नाशिक पट्ट्यात दोन परस्परविरोधी गोष्टी तितक्याच खात्रीने सांगितल्या जातात. एक, थंडीने झाड काटक होतं, कीड कमी लागते. दुसरी, थंडीने झाड खचतं आणि ऊब आली की अळी तुटून पडते. शेतातल्या निरीक्षणावरून यातली कुठलीही गोष्ट सिद्ध करता येत नाही, कारण थंडी झाडावर आणि किडीवर एकाच वेळी पडते. गारठ्यात पतंग कमी उडतात, अंडी उशिरा फुटतात आणि अळी मंदावते. म्हणून थंडीनंतर प्लॉटमध्ये अळ्या कमी दिसल्या, तर ते श्रेय झाडाचं की गारठलेल्या किडीचं, हे नुसतं पाहून सांगता येत नाही.

ते वेगळं करायचं तर थंडी फक्त झाडाला द्यावी लागते. मग झाड उबेत आणून, ज्यांनी थंडी पाहिलेलीच नाही अशा अळ्या त्यावर सोडायच्या. कृषी महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत हे काम होऊ शकतं. खालची पद्धत टोमॅटो आणि तंबाखूवरील पाने खाणारी अळी (स्पोडोप्टेरा लिट्युरा) या जोडीसाठी आहे. ही जोडी निवडण्यामागे तीन कारणं आहेत. टोमॅटो थंडीला नाजूक आहे, साधारण १० ते १२ अंशांखाली त्याला इजा सुरू होते. अळी सहज पाळता येते. आणि जखमेनंतर टोमॅटोच्या पानात काय घडतं, याचा अभ्यास पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

झाडाच्या आत काय चालतं

१९७२ मध्ये ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की पानाला भुंगेऱ्याने कुरतडलं, तर बटाटा आणि टोमॅटोच्या न कुरतडलेल्या पानांतही प्रोटिनेज इनहिबिटर साठतात. ही प्रथिने किडीच्या पोटातल्या प्रथिने पचवणाऱ्या विकरांना अडवतात. अळी खाते, पण अंगी लागत नाही. १९९० मध्ये फार्मर आणि रायन यांनी मिथाइल जास्मोनेटच्या (जास्मोनिक आम्लाचं उडणारं रूप) नुसत्या वाफेनेही टोमॅटोत ही प्रथिने तयार होतात हे दाखवलं. पुढच्याच वर्षी जखमेचा निरोप देणारं १८ अमिनो आम्लांचं सिस्टेमिन हे छोटं पेप्टाइड सापडलं. या सगळ्या साखळीच्या मध्यभागी जास्मोनिक आम्ल हे झाडाचं संप्रेरक आहे.

थंडीचा रस्ताही याच चौकातून जातो. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या, प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या झाडात गारठ्याला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांची किल्ली आयसीई१ या प्रथिनाकडे असते. जास्मोनेटची यंत्रणा एरवी दाबून ठेवणारी जेएझेड गटातली काही प्रथिने याच आयसीई१ ला धरून बसतात, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे जास्मोनेट वाढलं की किडीविरुद्धच्या आणि थंडीविरुद्धच्या, अशा दोन्ही संरक्षणांवरची पकड सुटते. टोमॅटोच्या फळांना मिथाइल जास्मोनेट दिल्यावर शीतगृहात होणारी इजा कमी होते, तेही याच्याशी जुळतं.

यावरून थंडीने झाड किडीविरुद्ध आपोआप तयार होतं असं म्हणायचा मोह होतो. पण गारठ्याचे इतर परिणाम उलट दिशेने खेचतात. प्रकाशसंश्लेषण मंदावतं, मुळं पाणी उचलत नाहीत, प्रथिने बनवण्याचा वेग पडतो. टोमॅटोत आणखी एक गोष्ट होते. १९९२ मध्ये मार्टिनो-कॅट आणि ऑर्ट यांनी दाखवलं की थंड रात्रीत या झाडाचं दैनंदिन घड्याळच थबकतं आणि ऊब मिळाल्यावर जिथे थांबलं तिथून पुढे चालू लागतं. संरक्षणाची बरीच रसायनं दिवसाच्या ठरावीक वेळी वरखाली होतात. घड्याळ मागे पडलं असेल तर सकाळी दहाला घेतलेला नमुना झाडाच्या लेखी दहाचा नसतो.

म्हणून थंडी संपून अळी लागेपर्यंत किती वेळ गेला, यावर उत्तर बदलतं. पूर्ण प्रयोग या खंडाभोवती उभा करायचा आहे.

गट आणि वेळापत्रक

चार उपचार ठेवा:

- थंडी नाही
- थंडी संपली त्याच सकाळी अळी
- थंडी संपल्यावर २ दिवसांनी अळी
- थंडी संपल्यावर ७ दिवसांनी अळी

प्रत्येक उपचाराचे दोन भाग करा, अळी सोडलेला आणि न सोडलेला. झाले आठ गट. प्रत्येक गटात ६ झाडं, म्हणजे एका फेरीत ४८. अशा तीन फेऱ्या, वेगवेगळ्या आठवड्यांत पेरून.

अळी न सोडलेले गट जागा वाचवायला गाळले जातात. तसं करू नका. थंडीने संरक्षण आधीच चढवून ठेवलं, की फक्त झाडाला सावध केलं आणि अळी आल्यावर ते नेहमीपेक्षा जोरात पेटलं, हा फरक याच गटांशिवाय कळत नाही. एका फ्रिजमध्ये एकाच वेळी ठेवलेली झाडं ही सांख्यिकीदृष्ट्या एकच थंडी असते. फ्रिजचं दार त्या रात्री नीट लागलं नसेल, तर सगळ्या झाडांवर त्याचा एकच परिणाम होतो. तीन फेऱ्या त्यासाठी.

अळ्या सर्व गटांवर एकाच दिवशी, एकाच अंडीपुंजातल्या सोडायच्या. त्या दिवसाला शून्य धरा आणि थंडी उलटी मोजा. पाच रात्रींची थंडी द्यायची आहे, तर:

- ७ दिवसांच्या खंडाचा गट: उणे १२ च्या संध्याकाळपासून उणे ७ च्या सकाळपर्यंत
- २ दिवसांचा गट: उणे ७ च्या संध्याकाळपासून उणे २ च्या सकाळपर्यंत
- शून्य दिवसांचा गट: उणे ५ च्या संध्याकाळपासून शून्य दिवसाच्या सकाळपर्यंत

शेवटच्या दोन गटांच्या तीन रात्री एकत्र येतात, तेव्हा फ्रिजमध्ये २४ कुंड्यांची जागा लागेल. या मांडणीत थंडी लागताना झाडांचं वय थोडं वेगळं पडतं, पण अळी खाते तेव्हा सगळी एकाच वयाची असतात. मोजमाप अळीवरून आहे, म्हणून हीच तडजोड योग्य.

रोपं

पुसा रुबी किंवा अर्का विकास असं सरळ वाण घ्या. बियाण्यावर कीटकनाशकाची प्रक्रिया नको. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध रोपात उतरतं आणि पूर्ण प्रयोग वाया घालवतं. पाकिटावर प्रक्रियेची नोंद वाचून घ्या.

प्रोट्रेमध्ये कोकोपीटवर पेरा. साधारण २० व्या दिवशी १० सेंमीच्या कुंड्यांत लावा. मिश्रण कोणतंही चालेल, पण प्रत्येक कुंडी काट्यावर ठेवून सारख्या वजनाची भरा. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, कुंडीला ५० मि.ली., आठवड्यातून दोनदा. नत्र कमी पडलं तर पानात फिनॉल (किडीला न मानवणारी संयुगं) वाढतात आणि अळी मंदावते. खताची चूक मग थंडीचा परिणाम म्हणून छापली जाते. अळी सोडायच्या दिवशी रोपं ३८ ते ४० दिवसांची आणि किमान सहा खऱ्या पानांची हवीत.

पांढरी माशी आत येऊ देऊ नका. ती सॅलिसिलिक आम्ल या दुसऱ्या संप्रेरकाचा मार्ग चालू करते आणि तो जास्मोनेटला दाबतो. बारीक जाळी आणि पिवळे चिकट सापळे पुरेत. निंबोळी अर्कही मारू नका.

पानांना हात लावू नका. टोमॅटोच्या पानावर हात फिरवल्यावर बोटं हिरवट-पिवळी होऊन वास येतो, ते ग्रंथीयुक्त केस फुटल्यामुळे. हे केसच झाडाची पहिली तटबंदी आहेत. शिवाय वारंवार स्पर्श हाही झाडाला ताण वाटतो. कुंडी कडेला धरूनच हलवा आणि कोणतं झाड कोणत्या गटात जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

थंडी देणे

बऱ्याच प्रयोगांत झाडं सलग २४ तास ४ अंशांवर ठेवतात. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत अरॅबिडॉप्सिसच्या थंडीच्या स्मृतीवर झालेलं काम असंच आहे: २४ तास ४ अंश, मग पाच दिवसांचा उबदार खंड. अरॅबिडॉप्सिस थंड प्रदेशातलं झाड आहे, त्याला ते झेपतं. महाराष्ट्रातल्या टोमॅटोला रात्री गारठा आणि दुपारी ऊन मिळतं. म्हणून रात्री १२ तास ६ अंश, अंधारात, आणि दिवसा २५ ते २७ अंश अशी पाच रात्रींची थंडी द्या. यात एक सोयही आहे. फ्रिजमध्ये प्रकाश देण्याची गरजच पडत नाही आणि थंडी अधिक अंधार असा दुहेरी ताण तयार होत नाही.

काचेच्या दाराचा, दुकानातला ३०० लिटरच्या आसपासचा बाटल्यांचा कूलर यासाठी उत्तम. दारावर काळं कापड लावा, आतला दिवा बंद करा. मूळ थर्मोस्टॅट फार हेलकावतो, म्हणून बाहेरून जोडायचा डिजिटल तापमान-नियंत्रक लावा. एक डेटा लॉगर पानांच्या उंचीवर आणि एकाचा सेन्सर कुंडीतल्या मातीत ठेवा. हवा ६ अंशांवर आली तरी ओली माती थंड व्हायला काही तास घेते. तुमच्या झाडाने खरोखर किती थंडी सोसली ते या दुसऱ्या आकड्यावरून कळेल, आणि लिहिताना दोन्ही आकडे द्या.

इथे प्रयोग बिघडण्याच्या जागा बऱ्याच आहेत:

मागची भिंत. तिच्यावर बर्फ धरतो. पान टेकलं तर ते गोठतं, आणि गोठणं हा थंडीपेक्षा पूर्ण वेगळा ताण आहे. मागे थर्मोकोलची पट्टी लावा.

फळं. त्या फ्रिजमध्ये आधी सफरचंद, केळी किंवा पिकलेले टोमॅटो ठेवले असतील तर इथिलीन हा फळं पिकवणारा वायू उरलेला असतो. इथिलीन जखमेच्या प्रतिसादात थेट भाग घेतं. फ्रिज रिकामा करून, पुसून, एक रात्र उघडा ठेवा.

कोरडी हवा. फ्रिज पाणी ओढून घेतो आणि गारठलेली मुळं ते भरून काढू शकत नाहीत. झाडाला मग थंडीबरोबर पाणीटंचाईचाही ताण बसतो. संध्याकाळी ५० मि.ली. पाणी द्या आणि झाडांवर सैल पॉलिथीनचं आवरण घाला.

सकाळ. मुळं थंड असताना झाड उजेडात नेलं तर तासाभरात मान टाकतं. आधी दोन तास मंद प्रकाशात ठेवा, माती १८ अंशांवर आली की मग पूर्ण उजेडात न्या.

थंडी नसलेल्या झाडांनाही हे सगळं सारखंच करायचं: तोच १२ तासांचा अंधार, तेच पॉलिथीन, तीच उचलठेव, तोच मंद उजेड. फक्त तापमान २२ अंश. ज्या गटाची थंडीची पाळी नाही, तोही त्या रात्री या २२ अंशांच्या झाडांबरोबरच.

इजा झाली का, हे आधी पाहा

थंडीचा ताण आणि थंडीची इजा या दोन अवस्था आहेत. पेशींच्या पटलातून क्षार गळू लागले की झाड तुटायला लागलेलं असतं, आणि तुटलेल्या झाडाच्या संरक्षणाबद्दल काढलेला निष्कर्ष धडधाकट झाडाला लागू होत नाही. याची तपासणी स्वस्त आहे. ठिबकमधून खत देणाऱ्या शेतकऱ्याकडे असतो तो ईसी मीटर (पाण्यातले क्षार विद्युतवहनावरून मोजणारा) पुरतो.

यासाठी थंडी दिलेली आणि साधी (थंडी नसलेली) अशी वेगळी चार-चार झाडं वाढवा. शेवटच्या थंड रात्रीनंतर चौथ्या पानातून १ सेंमीच्या १० चकत्या काढा, डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळाळून घ्या, २० मि.ली. डिस्टिल्ड पाण्यात तीन तास ठेवा आणि ईसी मोजा. मग त्याच नळ्या उकळत्या पाण्यात अर्धा तास धरा, थंड करून पुन्हा मोजा. पहिला आकडा भागिले दुसरा गुणिले शंभर, ही गळतीची टक्केवारी. थंडी दिलेल्या झाडांची गळती साध्या झाडांच्या दुपटीवर गेली, पानांवर पाणी शोषल्यासारखे काळपट डाग आले किंवा कडा वाळल्या, तर ६ ऐवजी ८ अंशांवर जा. क्लोरोफिल फ्लोरोमीटर उपलब्ध असेल तर अर्धा तास अंधारात ठेवलेल्या निरोगी पानाचा एफव्ही/एफएम (प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा किती धड आहे ते सांगणारा आकडा) ०.८३ च्या आसपास येतो, त्याच्याशी ताडून पाहा.

अळ्या

बंगळूरची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो ही संस्था संशोधनासाठी जिवंत कीटकांचे संच पुरवते. शेतातून अंडीपुंज आणायचे तर ते एरंडावर किंवा सोयाबीनवर पानाच्या मागे, मादीच्या तपकिरी लवेने झाकलेले सापडतात. पण शेतातल्या अळ्यांत परोपजीवी कीटक आणि विषाणू असतात, म्हणून एक पिढी पाळूनच वापरा.

पाळणूक एरंडाच्या पानांवर करा. टोमॅटोवर पाळलेल्या अळीचं पोट टोमॅटोच्या इनहिबिटरना सरावतं, त्यांना दाद न देणारी विकरे ती तयार करू लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिरचीतल्या अशा इनहिबिटरवर आणि घाटे अळीवर प्रदीर्घ काम झालं आहे, आणि अळीची ही लवचीकता त्या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी आहे. घाटे अळी वापरायची असेल तर ती एकमेकींना खाते, त्यामुळे एका पिशवीत एकच ठेवावी लागेल. लिट्युराच्या लहान अळ्या घोळक्याने खातात, इथे ते सोयीचं पडतं.

शून्य दिवशी सकाळी, गेल्या बारा तासांत अंड्यातून निघालेल्या अळ्या घ्या. खालून तिसऱ्या पानावर मलमलची पिशवी चढवा, देठाभोवती कापूस गुंडाळून दोरा बांधा. मऊ, अगदी बारीक कुंचल्याने १० अळ्या पानाच्या मागच्या बाजूला सोडा. अळी न सोडलेल्या गटांनाही रिकामी पिशवी बांधा, कारण सावली आणि दोऱ्याचा दाब यांचाही परिणाम असतो. खोली २६ अंशांवर. अळी असलेली आणि नसलेली झाडं एकमेकांना खेटून ठेवू नका. कुरतडलेल्या पानातून निघणारी वाफ शेजारच्या झाडाला सावध करते. दोन खोल्या असतील तर उत्तम, नसतील तर मध्ये पॉलिथीनचा पडदा आणि बाहेर ओढणारा पंखा.

अळ्या सोडायची वेळ तिन्ही फेऱ्यांत एकच, समजा सकाळी दहा. चौथ्या दिवशी पाहणी करा. कुठल्याही पिशवीत पान निम्म्याहून जास्त संपलं असेल तर सर्वच झाडांच्या पिशव्या चौथ्या पानापर्यंत वाढवा. उपाशी अळीचं वजन झाडाबद्दल काहीच सांगत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी अळ्या काढा, चार तास उपाशी ठेवा म्हणजे पोटातली विष्ठा निघून जाईल, आणि ०.१ मिलिग्रॅम मोजणाऱ्या काट्यावर वजन घ्या. जिवंत किती उरल्या तेही लिहा. दहा अळ्यांचे दहा आकडे मिळाले तरी नोंद झाडामागे एकच, त्यांची सरासरी. दहा अळ्या म्हणजे दहा नमुने असं धरून केलेलं विश्लेषण सहज खोटा फरक दाखवतं. या विषयातली ही सर्रास होणारी चूक आहे.

खाल्लेलं क्षेत्रफळ हवं असेल तर पान मोजपट्टीसह ३०० डीपीआयवर स्कॅन करून इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोजा. लहान अळ्या पान खरवडून जाळीदार करतात, भोक पाडत नाहीत. खरवडलेला भागही खाल्लेलाच धरा.

पानातली रसायनं

अळ्या सोडल्यावर ४८ तासांनी, सर्व ४८ झाडांच्या पाचव्या पानाची टोकाची पर्णिका (संयुक्त पानाची एक छोटी पाती) कापा. हे पान पिशवीबाहेरचं आहे, त्यामुळे निरोप झाडभर पोचला का ते कळतं. कापणं हीही जखमच, म्हणून कुठलाही गट सोडू नका. पर्णिका लगेच बर्फावर किंवा द्रव नायट्रोजनमध्ये. घड्याळ थबकण्याचा मुद्दा लक्षात घेता, शून्य दिवसांच्या गटाची जादा झाडं असतील तर सकाळी दहा आणि दुपारी चार अशा दोन वेळांचे नमुने घ्या.

प्रोटिनेज इनहिबिटर: ०.५ ग्रॅम पान, २ मि.ली. ट्रिस बफर (०.१ मोलर, सामू ८), त्यात ५ टक्के पीव्हीपीपी (फिनॉल धरून ठेवणारी पूड). थंड खलात वाटा, सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर १२,००० जी वेगाने १५ मिनिटं फिरवा. वरचा द्रव ट्रिप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या विकराबरोबर (१० मायक्रोग्रॅम) ३७ अंशांवर १५ मिनिटं ठेवा, मग १ मिलिमोलर बीएपीएनए (ट्रिप्सिनने तोडल्यावर पिवळा रंग देणारं रसायन) घाला. अर्ध्या तासाने ३० टक्के ॲसिटिक आम्लाने थांबवून ४१० नॅनोमीटरवर मोजा. पान नसलेल्या नळीच्या तुलनेत पिवळेपणा जितका घटला तितकी अडवणूक. अडवणूक २० ते ७० टक्क्यांच्या मध्ये येईल इतका अर्क पातळ करा, त्यापलीकडे आकडा सरळ रेषेत वाढत नाही. पीव्हीपीपी विसरलात तर टोमॅटोचे फिनॉल ट्रिप्सिनलाच चिकटतात आणि इनहिबिटर खोटे जास्त दिसतात.

पॉलिफिनॉल ऑक्सिडेज (फिनॉलना तपकिरी करणारं विकर): ०.२ ग्रॅम पान फॉस्फेट बफरमध्ये (०.१ मोलर, सामू ७, पीव्हीपीपीसह), फिरवून घेतलेल्या द्रवात १० मिलिमोलर कॅटेकोल, आणि ४२० नॅनोमीटरवर पहिल्या दोन मिनिटांतली वाढ. कॅटेकोलचं द्रावण दर वेळी ताजं हवं, तपकिरी झालेलं टाकून द्या.

एकूण फिनॉलसाठी फोलिन-सिओकाल्टू पद्धत सर्वत्र वापरतात. इथे मात्र ती जपून वाचा. हा अभिकर्मक क जीवनसत्त्वालाही रंग देतो, आणि थंडीत त्याचंही प्रमाण बदलू शकतं.

सर्व आकडे ताज्या वजनावर आणि प्रथिनांच्या प्रमाणात (ब्रॅडफोर्ड, ५९५ नॅनोमीटर) अशा दोन्ही पद्धतींनी काढा. गारठ्याने पानातलं पाणीही बदलतं आणि प्रथिनेही. दोन्ही हिशेब एकाच दिशेला गेले तरच विश्वास ठेवा.

पद्धत चालते आहे याची खात्री म्हणून चार वेगळ्या झाडांवर १ मिलिमोलर मिथाइल जास्मोनेट फवारा: २२ मायक्रोलीटर, अर्धा मि.ली. इथेनॉलमध्ये विरघळवून, १०० मि.ली. पाण्यात, दोन थेंब ट्वीन-२०. आणखी चार झाडांवर जास्मोनेट वगळून तेच पाणी. ४८ तासांत पहिल्यांत इनहिबिटर स्पष्ट वाढायलाच हवेत. नाही वाढले तर तुमचा अर्क किंवा बफर बिघडला आहे. हे रसायन उडतं, त्यामुळे ती झाडं दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि परत आणू नका.

आकडे वाचणे

दोन घटक (खंड आणि अळी), फेरी हा ब्लॉक, नोंद झाडामागे एक. आर (मोफत सांख्यिकी सॉफ्टवेअर) किंवा कुठल्याही सांख्यिकी पॅकेजमध्ये हे साधं विश्लेषण आहे. खंड आणि अळी यांच्या आंतरक्रियेकडे, म्हणजे अळीमुळे पडणारा फरक खंडानुसार बदलतो का याकडे, आधी पाहा.

अळी नसलेल्या झाडांतच थंडीने इनहिबिटर वाढलेले असतील, तर थंडीने संरक्षण आधीच चढवलं. अळी नसताना काही फरक नाही, पण अळी लागल्यावर थंडी सोसलेलं झाड साध्यापेक्षा जास्त चढतं, तर झाड सज्ज झालं होतं, यालाच प्रायमिंग म्हणतात. अळी लागूनही ते कमी चढतं, तर थंडीने प्रतिसाद दाबला. शून्य दिवसांच्या खंडात दाबलेला आणि सात दिवसांत सज्ज, असा उलटफेर दिसला तर त्यात विसंगती नाही. झाड आधी सावरतं, मग स्मृती उरते.

चौथा प्रकार जास्त फसवतो: इनहिबिटर सारखेच, पण अळीचं वजन वेगळं. तेव्हा पानाचा कस बदललेला असू शकतो. थंड रात्री पानातला स्टार्च नीट उतरत नाही, सकाळी तो तसाच साठून राहतो. पान उकळत्या पाण्यात एक मिनिट, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या अल्कोहोलमध्ये (थेट आचेवर कधीही नाही) रंग जाईपर्यंत, आणि शेवटी आयोडीन. शाळेतलाच प्रयोग. थंडीचं पान जास्त काळं झालं तर एकूण शर्करा आणि नत्रही मोजून घ्या, नाहीतर संरक्षणाच्या नावावर पोषणाची गोष्ट सांगितली जाईल.

आणखी एक शंका परीक्षक हमखास काढतात: थंडी सोसलेली झाडं वाढीत मागे पडली, मग फरक थंडीचा की लहान वयाचा? त्यावर उत्तर तयार ठेवायचं तर साध्या झाडांची एक तुकडी चार दिवस उशिरा पेरा. ती उंचीने आणि पानांच्या संख्येने थंडीच्या झाडांशी जुळेल. तिच्यावरचं अळीचं वजन वेळेवर पेरलेल्या साध्या झाडांसारखंच आलं तर शंका मिटते.

प्रयोगशाळा नसेल तर

ज्युनिअर कॉलेज किंवा शेतकरी गटाला वरचा अळीचा भाग पूर्ण करता येतो, फक्त रसायनं वगळून. त्याहून छोटं हवं असेल तर निवडीची चाचणी करा. बशीत ओला टिपकागद, एका बाजूला थंडी सोसलेल्या पानाची १.५ सेंमीची चकती, दुसऱ्या बाजूला साध्या पानाची, वेगवेगळ्या रंगाच्या टाचण्यांनी रोवलेल्या. मध्ये दोन तास उपाशी ठेवलेली तिसऱ्या अवस्थेतली एक अळी. दोन्हींपैकी एक चकती निम्मी संपली की थांबवा. अशा २५ बश्या, आणि टाचणीचे रंग अर्ध्या बश्यांत उलटे. ही चाचणी अळीची पसंती सांगते, तिची वाढ सांगत नाही. कापलेली चकती स्वतःच जखमी असते, त्यामुळे सज्जता आणि दडपणूक यांतला बारीक फरक इथे हरवतो.

शेतातून माहिती घ्यायची तर गारठ्याच्या आठवड्यानंतर प्लॉटमधल्या झाडांची पानं आणि त्याच वयाच्या, रात्री पॉलिथीनच्या बोगद्यात झाकलेल्या झाडांची पानं आणा आणि घरातल्या उबेत, एरंडावर वाढलेल्या अळ्यांना द्या. प्लॉटमध्ये किती अळ्या दिसल्या, ती नोंद वेगळ्या वहीत. थंडी ओसरल्यावर पारा १५ च्या वर टिकू लागला की कामगंध सापळे आणि पानामागचे अंडीपुंज रोज पाहा. झाडाची प्रतिकारशक्ती वाढली असो वा घटली असो, मंदावलेली कीड त्या उबेत आपला वेग परत मिळवते.

काम संपलं की अळ्या बाहेर सोडू नका. पिशव्यांसकट रात्रभर डीप फ्रीजरमध्ये, मग साबणाच्या पाण्यात. कुंड्यांतली माती चाळून घ्या, कारण ही अळी कोष मातीतच करते, आणि पिशवीतून निसटलेली एखादी तिथे असण्याची शक्यता असते.